तिसऱ्या पाळीचा अंगठा

शनिवारी, १० मेच्या रात्री साडेनऊला खारघरच्या त्या सोसायटीचा ट्रान्सफॉर्मर उडाला आणि सातही मजल्यांवरची माणसं हातात मोबाइलचा उजेड धरून खाली पार्किंगमध्ये उतरली. लिफ्ट बंद, पंखे बंद, इन्व्हर्टरनी तासाभरात माना टाकलेल्या. डास तेवढे फुल चार्ज. नंदकुमारकाकांनी प्लॅस्टिकची खुर्ची मीटरच्या खोलीला टेकवून मांडली. बेलापूरच्या सरकारी कचेरीत जन्म काढून रिटायर झालेला हा माणूस अंधार पडला की हमखास खुलायचा.

"काका, एखादी भुताची होऊन जाऊ दे," दुसऱ्या मजल्यावरचा धनेश म्हणाला.

"भुताची नाही. हजेरीची सांगतो."

"हजेरीची?" चौथ्या मजल्यावरची अबोली म्हणाली. "त्यापेक्षा मेंटेनन्सचं बिल वाचून दाखवा, जास्त घाबरू."

काका हसले नाहीत. "माझ्या मेव्हण्याची मुलगी क्षिप्रा. तिच्या बाबतीत घडलेली आहे. तिनं सांगितली तेव्हा तिच्या हातात चहाचा कप होता आणि तो जरासुद्धा हलत नव्हता. म्हणून मी विश्वास ठेवला. हलला असता तर म्हटलं असतं, पोरगी घाबरलीय, काहीही बोलतेय."

आणि त्यांनी गोष्ट सुरू केली ती अशी.

काम तसं साधं होतं. तळोज्याला जायचं, एका बंद कारखान्याच्या फाटकावरच्या हजेरीच्या मशीनमधली फाइल पेन ड्राइव्हवर घ्यायची आणि घरी यायचं.

क्षिप्रा बेलापूरला दोन खोल्यांच्या एका ऑफिसात नोकरीला होती. वकील, विमावाले, चौकशी अधिकारी यांना कॉम्प्युटरमधल्या नोंदी वाचून द्यायच्या, हा त्या ऑफिसचा धंदा. तिचा निम्मा दिवस तारखा आणि वेळा सरळ करण्यात जायचा. एका मशीनला महिना आधी लिहायची खोड, दुसऱ्याला दिवस. एक बारा तासांचं घड्याळ पाळतं, दुसरं चोवीस. काही मशिनं तर तास-मिनिटं ओळखतच नाहीत. १९७० सालच्या एक जानेवारीच्या मध्यरात्रीपासून किती सेकंद झाले, तेवढं मोजत बसतात. मध्यरात्र तीही आपली नव्हे, लंडनकडची. त्या लांबलचक आकड्याची तारीख आणि वेळ करायची, वर साडेपाच तास मिळवायचे, की मग आपली वेळ निघते. क्षिप्राची आई शेजारणींना सांगायची, "आमची क्षिप्रा घड्याळं नीट करते." क्षिप्रानं ते कधी खोडून काढलं नाही. फार खोटंही नव्हतं.

तर तळोज्याच्या त्या कारखान्यात रंगांत लागणारी रसायनं व्हायची. मंगळवार, ६ फेब्रुवारी २०२४च्या रात्री, मध्यरात्र उलटून सात तारीख लागल्यावर पावणेदोनच्या सुमाराला, गोटीराम नावाचा कामगार तिथल्या मिक्सरच्या टाकीत पडून मेला. टाकीच्या तोंडावरची जाळी कधीची तुटलेली होती. चौकशी बसली, कारखान्याला टाळं लागलं. आणि कंपनीनं काय सांगावं? गोटीराम ड्युटीवर नव्हताच. हा बघा हजेरीचा कागद. सहा तारखेला त्याच्या अंगठ्याची एकच नोंद आहे, संध्याकाळी पाच वाजून वीस मिनिटांची. म्हणजे पाच-वीसला तो घरी गेला आणि रात्री भिंत चढून तांब्याची तार चोरायला परत आला.

मेलेला माणूस चोर ठरला की सगळ्यांचंच काम सोपं होतं.

खरी गोष्ट कारखान्यातलं शेंबडं पोरही जाणून होतं. ते मशीन कागदावर लंडनची वेळ छापायचं. ऑफिसातला कारकून दर महिन्याच्या शेवटी त्यात साडेपाच तास मिळवायचा आणि मग पगार निघायचे. पाच-वीसमध्ये साडेपाच तास मिळवा. रात्रीचे दहा-पन्नास. तिसरी पाळी अकराला लागते. गोटीराम घरी निघाला नव्हता, कामावर आला होता.

पण सांगून कोण ऐकतो? कंपनी म्हणाली, ह्या कागदात साडेपाच तास मिळवूनच दिलेत. आता खरं-खोटं करायचं तर मशीनच्या पोटातला मूळ आकडा हवा. आणि मशीन शनिवारी सकाळी बाकीच्या जुन्या सामानाबरोबर कळंबोलीच्या भंगारवाल्याकडे जाणार होतं. चौकशी अधिकाऱ्यांची परवानगीची सही झाली शुक्रवारी, २२ मार्चला. संध्याकाळी सात वाजता.

"टायमिंग बघा!" धनेश म्हणाला.

"सरकारी सही आहे. त्याच दिवशी झाली हेच भूत समज," काका म्हणाले.

क्षिप्रा बेलापूरहून मेट्रोनं पेंधरला उतरली. पुढं रिक्षा. रिक्षावाला फाटकाच्या अलीकडेच थांबला. "मॅडम, इथून आत मी नाही येत. गाडी वळवायला जागा नाही." जागा दोन टँकर शेजारी शेजारी वळतील एवढी होती. क्षिप्रानं पैसे दिले आणि चालत निघाली. हवेत तळोज्याचा तो नेहमीचा वास होता, कुजक्या फळावर फिनेल ओतल्यासारखा.

फाटकाच्या केबिनमध्ये साताऱ्याकडचा म्हातारा वॉचमन होता. त्यानं परवानगीचा कागद उलटासुलटा पाहिला आणि मशीनकडे बोट केलं. भिंतीवर हिरवा दिवा, अंगठ्याएवढी काच, वर छोटा पडदा. अंगठा जुळला की आतली बाई इंग्रजीत म्हणते, 'थँक यू'. नाही जुळला की म्हणते, 'प्लीज ट्राय अगेन'. प्रत्येक ऑफिसात असते ती बाई. कोणी तिला कधी नमस्कार केलेला नाही.

"किती वेळ लागंल म्याडम?"

"जुनं मशीन आहे. तासभर तरी."

म्हाताऱ्यानं घड्याळ पाहिलं. साडेनऊ झाले होते. "साडेधा वाजले की म्या पंपाकडं चक्कर मारून येतो. अकराला परत. रोजचंच हाय."

"चोरांसाठी?"

"चोर कशाला येतंय हितं," तो म्हणाला आणि मच्छर अगरबत्ती पेटवायला वाकला.

फाटकाबाहेरच्या कठड्यावर एक बाई बसली होती. नऊवारी आखूड नेसलेली, मांडीवर रिकामी पिशवी. क्षिप्रा वायर जोडत होती तेव्हा ती उठून दाराशी आली.

"तू बेलापूरची पोरगी? मी पुतळा. गोटीरामची बायको."

क्षिप्रानं खुर्ची पुढं केली. ती म्हणाली, "बसा ना."

"बसाला नाय आयले. उद्या ह्यो डबा भंगारात देतात, खरा काय?"

"हो. पण आतल्या नोंदी मी घेतेय. त्या जाणार नाहीत."

"नोंदी तू घे. मना डबा पायजे." पुतळानं मशीनकडे हनुवटी केली. "त्याला जालला आमी. अख्खा जालला. अंगठा तेवढा ह्याच्यान ऱ्हायलाय. त्यो मी भंगारवाल्याला देऊ?"

पार्किंगमध्ये कोणी तरी खुर्ची पुढं ओढली. काका थांबले नाहीत.

फाइल हळूहळू उतरत होती. तेवढ्यात क्षिप्राचा फोन वाजला. कंपनीचे एचआर मॅनेजर, आशुतोष सर. आवाज लोण्यासारखा.

"क्षिप्रा मॅडम, एवढ्या रात्री कशाला त्रास घेताय? पीडीएफ दिलाय ना आम्ही. त्याच वेळा टाइप करून रिपोर्ट द्या. उगाच कन्व्हर्ट-बिन्व्हर्ट करत बसू नका. आमची आणखी तीन युनिटं आहेत, तुमच्या ऑफिसला वर्षभराचं काम देऊ."

"सर, मी मशीनजवळच आहे. आकडा बघते आणि कळवते."

"मशीनजवळ?" लोणी वितळलं. "थांबा तिथेच. मी येतोय. कळंबोलीतच आहे."

क्षिप्रानं फोन पिशवीत टाकला. लॅपटॉपवर नोंदी दिसायला लागल्या होत्या. डाव्या बाजूला कामगाराचा नंबर, उजव्या बाजूला सेकंद. गोटीरामचा नंबर सतरा. तिनं सहा फेब्रुवारी शोधली.

१७०७२४००१३.

सॉफ्टवेअरनं उत्तर दिलं. तिनं शिवाय पाठकोऱ्या कागदावर हातानं हिशेब केला. लंडनला मंगळवार, ६ फेब्रुवारी, पाच वाजून वीस मिनिटं. इथं रात्रीचे दहा-पन्नास. मूळ आकड्यात कोणी काही मिळवलेलं नव्हतं. कंपनीच्या कागदातही नव्हतं.

"पुतळाताई, ते ड्युटीवरच होते. इथं लिहिलंय."

पुतळानं पडद्याकडे पाहिलंही नाही. "मना म्हाईत हाय. तू त्यांना सांग."

काम झालं होतं खरं तर. फाइल पूर्ण उतरायची बाकी होती म्हणून क्षिप्रा यादी खाली सरकवत राहिली. फेब्रुवारीच्या सातनंतर कारखाना बंद. त्यानंतर फक्त वॉचमनचा नंबर, रोज संध्याकाळी. एक्केचाळीस. एक्केचाळीस. एक्केचाळीस.

सतरा.

तिला वाटलं, नजर चुकली. आकडा उचलून तारीख काढली. २० फेब्रुवारी. दहा-पन्नास. खाली परत एक्केचाळीस. मग सतरा. २१ फेब्रुवारी. दहा-पन्नास. मग एक्केचाळीस, आणि परत एक्केचाळीस. मग सतरा. २३ फेब्रुवारी. दहा-पन्नास.

"ताई," तिनं मान न वळवता विचारलं, "तेरावा कधी घातलात?"

"सोमवारी. एकोनीस तारखेला. का गो?"

क्षिप्रानं यादी सरकवली. खाली, आणखी खाली. मधून मधून एखादी रात्र गाळलेली. बावीस नाही. एकोणतीस नाही. सात मार्च नाही. चौदा नाही. तिनं भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं.

"त्यांची सुट्टी कोणत्या वारी असायची?"

"बेस्तरवारी. जालं घेऊन खाडीवं जायाचा. गुरवारी त्यो कोनाचा बाप बोलावला तरी कामावं नाय यायाचा."

गाळलेले सगळे गुरुवार होते.

म्हातारा वॉचमन टॉर्च घेऊन उठला. साडेदहा झाले होते. जाताना दाराशी घुटमळला. "पोरी, तू बी चल पंपाकडं. च्या पिऊ."

"फाइल चालू आहे, मामा."

तो गेला. टॉर्चचा ठिपका लहान लहान होत वळणावर विझला.

आशुतोषची गाडी आली तेव्हा दहा-चाळीस झाले होते. तो उतरला, पुतळाकडे बघून न बघितल्यासारखं केलं आणि केबिनमध्ये घुसला. क्षिप्रानं लॅपटॉप झाकला नाही. का झाकायचा? त्यानं वाकून यादी वाचली. आधी त्याचा चेहरा उतरला. मग हळूच फुलला.

"अहो, हे बेस्ट आहे! मेलेला माणूस रोज पंच करतोय. मशीन डिफेक्टिव्ह आहे, मॅडम. मग सहा तारखेचीही नोंद बाद. सगळंच बाद."

तो म्हणत होता ते खरं होतं. गोटीराम रोज येत होता आणि येऊन येऊन स्वतःचाच पुरावा पुसत होता.

"तरी पण रिस्क नको," आशुतोष म्हणाला. "मेमरी साफ करून टाकतो. ॲडमिनचा अंगठा माझाच आहे."

"सर, परवानगीचा कागद आहे माझ्याकडे. मशीनला हात लावता येणार नाही."

"मशीन माझं आहे."

"आज रात्री नाही." तिचा आवाज तिला स्वतःलाच अनोळखी वाटला. ती मशीन आणि त्याच्यामध्ये उभी राहिली. पाच फूट उंचीची मुलगी. त्यानं तिच्या खांद्यावरून हात घातला आणि काचेवर अंगठा टेकवला.

'प्लीज ट्राय अगेन.'

त्यानं अंगठा शर्टाला पुसला.

'प्लीज ट्राय अगेन.'

"घाम आलाय," तो म्हणाला. रुमाल काढला. पुसला. दाबला.

'प्लीज ट्राय अगेन.'

दहा अठ्ठेचाळीस.

बाहेर कुत्री भुंकत होती. ती थांबली. एकाएकी नाही. एकेक करून. आधी लांबची. मग जवळची.

दहा एकोणपन्नास.

"मॅडम, तुम्ही... तुम्हाला काही..."

"गप्प बसा," क्षिप्रा म्हणाली.

फाटक वाजलं नाही. पावलं वाजली नाहीत. फक्त तो वास गेला. तळोज्याचा वास कधी जात नाही. तो गेला. त्याच्या जागी खाऱ्या चिखलाचा वास आला. ओलसर. खाडीचा.

पुतळा उठून उभी राहिली. पदर डोक्यावर घेतला.

आशुतोष भिंतीला. क्षिप्रा खुर्चीच्या पाठीला धरून. मशीनजवळ कोणी नाही. काचेसमोर हातभर मोकळी जागा...

हिरवा दिवा लुकलुकला.

'थँक यू.'

पडद्यावर अक्षरं आली. सतरा. गोटीराम.



पुढं आली ती पुतळा. सरळ चालत आली आणि त्या रिकाम्या हातभर जागेच्या कडेला, मधे न शिरता, थांबली. बाजारातून उशिरा आलेल्या नवऱ्याशी बायको बोलते तशी बोलली.

"आलास? ऐक आता. ह्या पोरीनं शोधून काढलाय, तू कामावं होतास. चोर नाय तू. झालं? आता रोज रोज येव नको. ह्यो सूटवाला बोलतो, डबा येडा झालाय. तुजा अंगठाच तुला बुडवील. घरा चल."

लांबवर हायवेचा ट्रक.

दिवा लाल झाला.

'प्लीज ट्राय अगेन.'

काचेला कोणी हात लावलेला नव्हता.

पुतळानं कपाळावर हात मारला. "बघ. नाय म्हनतोय. जित्ता होता तवा पन असाच. बोललेला ऐकायाचा नाय."

आणि ती हसली. अंधारात त्या बाईचं हसू ऐकून आशुतोष जो पळाला तो गाडीपर्यंत. गाडी मागच्या मागे फाटकाच्या खांबावर आदळली, मग रस्त्याला लागली. क्षिप्रा खाली बसली. लॅपटॉपवर फाइल पूर्ण उतरली होती.

"मग त्या ओळी तिनं काढल्या असतील," पार्किंगमधल्या अंधारातून अबोली म्हणाली. "भुताच्या. काढायलाच हव्यात. नाही तर केस गेली."

"तिचे साहेबही हेच म्हणाले," काका म्हणाले.

साहेब म्हणाले, अगं, सहा फेब्रुवारीपर्यंतचं दे आणि पुढचं कापून टाक, कोणाला कळणार आहे? क्षिप्रा म्हणाली, "मला कळेल. मीही नोंदीत फिरवाफिरव करायला लागले, तर त्यांच्यात आणि माझ्यात फरक उरला साडेपाच तासांचा." साहेबांनी डोक्याला हात लावला. रिपोर्ट गेला तो जसाच्या तसा. सगळे सतरा, सगळे एक्केचाळीस, मूळ सेकंद, लंडनची वेळ, आपली वेळ. मशीन तर तिनं त्याच रात्री चौकशी अधिकाऱ्यांना फोन करून त्यांच्या ताब्यात देववलं होतं. भंगारवाल्याचा टेम्पो शनिवारी सकाळी त्याच्याविना परतला.

बेलापूरला सुनावणी झाली. कंपनीच्या वकिलाला तर हसू आवरेना. "साहेब, मृत व्यक्ती फेब्रुवारी-मार्चमध्ये नियमित कामावर हजर आहे. असे प्रामाणिक कामगार आम्हालाही हवेत. मशीन बिघडलेलं आहे, एवढंच यातून सिद्ध होतं."

सगळे हसले. मागच्या बाकावर पुतळा बसली होती. ती नाही हसली.

अधिकाऱ्यांनी क्षिप्राकडे पाहिलं. "काय म्हणणं आहे तुमचं?"

क्षिप्रा उभी राहिली. चारचौघांत बोलायची तिला सवय नव्हती, तरी बोलली. "सर, बिघडलेलं मशीन कसंही चुकतं. कधी पुढं, कधी मागं. हे गुरुवारी चुकत नाही. जानेवारीच्या नोंदी बघा, गोटीराम जिवंत असतानाच्या. तेव्हाही गुरुवार नाही. त्यांची सुट्टी गुरुवारची, हे कंपनीच्याच कागदांत आहे. बिघाडाला कोणाची साप्ताहिक सुट्टी कशी माहीत असेल?"

हसू थांबलं.

"मशीन ठीक आहे," ती म्हणाली. "त्याच्यासमोर जे आलं, ते त्यानं लिहिलं. कोण आलं, ते मला विचारू नका. मी फक्त कधी आलं ते सांगते. सहा फेब्रुवारीला रात्री दहा-पन्नासला एक माणूस कामावर आला होता. तो चोर नव्हता."

अधिकारी बराच वेळ कागद पाहत होते. मग त्यांनी खिडकीकडे पाहिलं. मग परत कागद. जुलैत निकाल आला. गोटीराम मृत्यूच्या वेळी कामावर होता. चोरीचा आरोप निराधार. जाळी न बसवल्याची जबाबदारी कंपनीची. आणि खाली एक ओळ, कचेरीत आयुष्य काढलेल्या माणसालाच कळावी अशी: 'इतर नोंदींबाबत कोणतेही मत व्यक्त केलेले नाही.'

पुतळानं निकालाची प्रत गावदेवीपुढं ठेवली. मग गावच्या नाक्यावर, जिथं लोक तिला बघून कुजबुजायचे, तिथं उभं राहून पोराकडून मोठ्यानं वाचून घेतली. दोनदा.

"मग मुक्ती मिळाली त्याला," धनेश म्हणाला. त्याचा आवाज जरा मोठाच निघाला.

अंधारात काकांची खुर्ची करकरली.

"मशीन इतके महिने बेलापूरला कपाटात होतं," ते हळू आवाजात म्हणाले. "सीलबंद. वायर काढलेली, बॅटरी काढलेली. पुतळानं अर्ज केला होता, ते तिला द्यायचं ठरलं. देण्याआधी क्षिप्राला बोलावलं, आतल्या नोंदी पहिल्या प्रतीशी जुळतात ना, एवढं तपासायला. रीत असते तशी. तिनं सील तोडलं, वायर लावली. सगळं जुळलं. ओळ न् ओळ."

"आणि?"

"शेवटी एक ओळ जास्त होती."



"नंबर सतरा. क्षिप्रानं तारीख काढली. मग हातानं काढली. मग दुसऱ्या मशीनवर काढली."

"दिवस-महिना उलटा झाला असेल," अबोली म्हणाली. "होतं तसं."

"सेकंदांना दिवस-महिना नसतो, बाळ. ते उलटे होत नाहीत." काका थांबले. "वेळ तीच. दहा-पन्नास. वार गुरुवार नाही. तो कारखाना अजून बंद आहे. कधी सुरू होणार, ते कंपनीनं कोणाला सांगितलेलं नाही. तिथं नवी पोरं भरती होतील, टाकीवर जाळी बसवतील, नाही बसवतील... कोणाला माहीत? क्षिप्रानं पुतळाला तेवढं सांगितलं. ती म्हणाली, येईल त्यो. खाडा करनारा मानूस नाय त्यो."

"क्षिप्राताई काय करणार आहे?"

"तिनं त्या दिवसाची रजा टाकलीय. रात्री फाटकाशी जाऊन उभी राहणार म्हणते. मी म्हटलं, नको जाऊस. तर म्हणाली, काका, वेळ मी काढलीय, बघायला मीच जाणार."

पार्किंगमध्ये कोणाच्या तरी मोबाइलचा उजेड विझला.

"कुठली तारीख आहे, काका?" धनेशनं विचारलं. "आजची तर नाही?"



"नाही," काका म्हणाले. "अजून यायचीय."